किल्ल्यावरची रिकामी गादी

"देव आला तरी चपला ओळीत." आमच्या घरमालकांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. गिरगावातल्या त्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर मी खोली बघायला गेलो होतो आणि घाईघाईत एक चप्पल उंबऱ्याशी, दुसरी गॅलरीच्या कठड्याशी अशी सोडून आत शिरलो होतो. काकांनी मला परत बाहेर पाठवलं. चपला जोडीने, भिंतीला लागून, तोंडं जिन्याकडे. मग आत घेऊन पाणी दिलं आणि माझं गाव, जात, पगार, लग्न यातलं काहीही न विचारता बाहेरची खोली मला देऊन टाकली. मुंबईत खोली मिळवण्यासाठी तोवर मी ज्या मुलाखती दिल्या होत्या, त्यांच्या मानाने ही फारच सोपी होती.

काका विमा कंपनीतून निवृत्त झालेले. अंगाने सडसडीत, मिशी बारीक, आणि घरातसुद्धा शर्ट खोचलेला. देवाशी त्यांचं नातं काय होतं, हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. काकू देवळात निघाल्या की हे सोबत जायचे, पण आत जायचे नाहीत. "मी चपला बघतो," म्हणून बाहेर उभे राहायचे. एकट्या काकूंच्या नव्हे, सगळ्यांच्याच. अनोळखी माणसांच्या चपला पायाने सरकवून ओळीत लावताना मी त्यांना पाहिलं आहे. काकू आतून प्रसाद घेऊन यायच्या तोवर देवळाबाहेर शाळेच्या कवायतीसारखी शिस्त आलेली असायची.

आणि हाच माणूस पहाटे नळाला पाणी आलं की नळासमोर हात जोडायचा. गॅस पेटला की मान लववायचा. फ्रिज जुना होता, मधूनच थरथरायचा, तर त्याच्या दारावर थोपटून "दमलास ना रे," म्हणायचा. दसऱ्याला तर विचारू नका. मिक्सर, इस्त्री, शिलाई मशीन, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. माझा लॅपटॉपही सुटला नाही. कुंकू इतक्या श्रद्धेने वाहिलं होतं की त्यानंतर बरेच दिवस 'म'चं बटण दाबलं जात नव्हतं, आणि माझं तर सगळं पोट त्या अक्षरावर चालत होतं.

कारण मी मेरुकांची गोष्ट लिहायचो. लोअर परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारात आमचं ऑफिस होतं. मोबाईलवर ऐकायच्या मालिका आम्ही तिथे तयार करायचो. माझी मालिका होती मेरुक नावाच्या लोकांवर, जे कधीच नव्हते. फार फार पूर्वी कड्यावर नगर वसवणारे, पाणी खालून वर चढवणारे, तेलाशिवाय दिवे लावणारे आणि एक दिवस सगळं तसंच टाकून नाहीसे झालेले लोक. त्यांच्या ओसाड नगरात हजारो वर्षांनी चार साहसी मंडळी फिरतात, अशी ती गोष्ट. मी ती पोटासाठी लिहीत होतो, हे खरं. पण हळूहळू मला त्या लोकांचा लळा लागला होता, हेही खरं.

मी ऑफिसात नक्की काय करतो हे काकांना ठाऊक नव्हतं, आणि ते मालिका ऐकतात हे मला ठाऊक नव्हतं. एक दिवस रजा होती म्हणून घरी होतो, तर स्वयंपाकघरातून माझ्याच मेरुकांचा आवाज यायला लागला, तोही विहिरीतून आल्यासारखा घुमत. बघतो तर काका आरशासमोर दाढी करताहेत आणि फोन पितळी तांब्यात उभा केलेला. तांब्यात ठेवला की आवाज वाढतो, हा त्यांचा शोध. त्या तांब्यामुळे आख्खा मजला माझी मालिका फुकट ऐकत होता. चाळीतली पोरं तर गॅलरीत मेरुक-मेरुक खेळायची, आणि मला वाटत होतं की हा काहीतरी नवा खेळ आला आहे.

त्या दिवशीच्या भागात मेरुकांच्या नगराचा द्वारपाल आत येणाऱ्याला सांगतो, "देव आला तरी पादत्राणं ओळीत." काकांचा वस्तरा गालावर थांबला. त्यांनी आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. चोरी पकडली गेली होती, पण काका चिडले नाहीत. फेस लागलेल्या तोंडाने काकूंना म्हणाले, "अगं, मी नगराच्या दारावर उभा आहे." तेव्हापासून ते मेरुकांना 'आपली माणसं' म्हणायला लागले.

भांडण झालं ते या आपल्या माणसांवरून.

काकांचे एकच जिवलग मित्र होते. समोरच्या खोलीतले सर. निवृत्त मुख्याध्यापक, मूळचे मालवणकडचे, बालपण डिलाईल रोडच्या चाळीत गेलेलं, वडील गिरणीत. शुद्ध मराठी बोलायचे, आणि राग आला किंवा गहिवर आला की मालवणीवर उतरायचे. रोज संध्याकाळी दोघांचा गॅलरीत चहा असायचा. त्यात एका भागात मी मेरुकांचा दरबार दाखवला. भव्य दालन, शंभर पायऱ्या, वर सोन्याचं सिंहासन, आणि त्यावर कोणीच नाही. भाग तिथेच संपवला. खरं सांगायचं तर पुढे काय, ते मलाही सुचलं नव्हतं.

सरांनी त्याच संध्याकाळी निकाल दिला. हे लोक स्वतःलाच देव समजत होते. एवढ्या उंचावर गेलेला माणूस माणूस राहत नाही, ते गेले आणि गादी रिकामी राहिली, असा त्यांचा सिद्धान्त. काकांना ते अजिबात मान्य नव्हतं. जे लोक दिवा लावताना दिव्यालाच हात जोडतात, असं मी कुठल्याशा भागात लिहून गेलो होतो, ते स्वतःला देव कसे समजतील? देव कधी दुसऱ्याच्या पाया पडतो का? त्यावर आतून भाजी चिरता चिरता काकूंनी विचारलं की मग रामाने रामेश्वराला कोणाची पूजा केली. काकांनी कप तोंडाला लावला. सर एवढे खूश झाले की त्यांनी काकूंच्या हातचा दुसरा कप मागून घेतला.

असं महिनाभर चाललं. दर भागानंतर दोघे पुरावे मोजायचे. मला मध्ये पाडून विचारायचे, "तू सांग, तू लिहितोस ना?" मी सांगायचो की अजून ठरलं नाही. यावर दोघेही माझ्याकडे असं बघायचे, की मेरुकांसारख्या थोर लोकांची जबाबदारी असल्या माणसावर कोणी टाकली. ऑफिसात वेगळीच तऱ्हा. माझी वरिष्ठ माझ्याहून लहान मुलगी होती, हुशार आणि घाईतली. तिचं म्हणणं स्पष्ट होतं. शेवटच्या भागात मेरुक देवच होते असं निघू दे, लोकांना देव आवडतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर शेवट तिच्या हातात हवा होता.

एका संध्याकाळी शब्दाने शब्द वाढला. सर म्हणाले, त्यांचे वडील गिरणीतला सुपरवायझर दिसला की उठून उभे राहायचे, रविवारी बाजारातसुद्धा. पंख्याखाली खुर्ची मिळाली की माणसाला आपण देव आहोत असं वाटतंच. काका म्हणाले, सगळ्यांना नाही वाटत. तेव्हा सर बोलू नये ते बोलून गेले.

"तू ऑफिसर झालास तेव्हा वेगळा होतास काय? निवृत्त होईपर्यंत किल्ल्याची माती कालवायला उतरला नाहीस."

काकांनी कप खाली ठेवला, शर्ट नीट केला आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून चहा बंद.

किल्ल्याचं सांगायला हवं. त्या चाळीच्या आवारात दर दिवाळीला किल्ला व्हायचा, आणि तो हे दोघे तरुणपणापासून बांधत आले होते. विटा, दगड, त्यावर गोणपाट, त्यावर चिखल, बुरुजांवर पेरलेली मोहरी. पोरं मदतीला असायची, पण माती कालवण्याचा मान या दोघांचा. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते चिखल तुडवायचे आणि चाळ वरून बघायची. काका ऑफिसर झाल्यावर मात्र काही वर्षं ते उतरले नव्हते. निवृत्त झाल्यावर पुन्हा यायला लागले, आणि त्या वर्षांबद्दल दोघांनी एकमेकांशी कधी चकार शब्द काढला नव्हता. मेरुकांनी तो काढायला लावला.

दोघांची तोंडं एकमेकांकडे नाहीत, आणि दिवाळी जवळ येत चालली. माझ्या जिवाला घोर लागला. ज्या मैत्रीत कोणी मोडता घालू शकलं नव्हतं, ती माझ्या एका रिकाम्या सिंहासनाने मोडली होती. शेवट मी कसाही लिहिला तरी दोघांतला एक जण हरणार, आणि जो हरेल तो पुन्हा चहाला येणार नाही, हे मला दिसत होतं. काकूंनाही दिसत होतं. "दोघांनाही उपाशी ठेवायला हवं," एवढंच त्या म्हणायच्या आणि दोघांच्याही घरी चकल्या पाठवायच्या.

त्यात पोरांनी हट्ट धरला की यंदा किल्ला नको, मेरुकांचं नगर हवं. मग दरवर्षीच्या महाराजांना काकांच्या शोकेसमध्ये मानाने हार घालून बसवलं, आणि आवारात मेरुकांचं नगर उभं राहायला लागलं. कामाची वाटणी न बोलताच झाली. सर सकाळी यायचे, काका संध्याकाळी. सकाळी सरांनी उतरत्या पायऱ्या केल्या की संध्याकाळी काका त्यांच्या कडा घासून गुळगुळीत करायचे. काकांनी तळं खणलं की दुसऱ्या दिवशी सर त्यात पाणी सोडायचे. भांडलेल्या माणसांनी एकमेकांचं काम इतक्या निगुतीने पुढे नेलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. अडलं ते फक्त शिखरावरच्या गादीपाशी. सरांनी घरी मेरुकांचा राजा घडवला होता. सोनेरी रंग, मागे मिठाईच्या खोक्यातल्या चकचकीत कागदाची प्रभावळ. सकाळी ते त्याला गादीवर बसवायचे. संध्याकाळी काका त्याला अलगद उचलून तळ्याकाठी उभा करायचे. सकाळी तो पुन्हा वर, संध्याकाळी पुन्हा खाली. राजाच्या मागची प्रभावळ या चढउतारात पार चुरगळली.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी सरांना बहिणीकडे जायचं होतं, त्यामुळे राजा तळ्याकाठीच राहिला. काकू तुळशीला पाणी घालून आवारात उतरल्या आणि गादी रिकामी बघून वैतागल्या. लक्ष्मीपूजनाला असं मोकळं आसन ठेवतात का? त्यांनी जुन्या मातीच्या चित्रांचं खोकं उघडलं. वाघ होता, पण वाघाला गादीवर बसवणार कसं. वासुदेवाची टोपी तुटली होती. मावळे सगळे बुरुजांवर लागले होते. उरली एक गवळण, डोक्यावर घागर घेतलेली, नाकाचा टवका उडालेली, किती वर्षांची ते कोणालाच माहीत नाही. काकूंनी तिला पुसलं, गादीवर ठेवली, समोर पणती लावली आणि करंज्या तळायला वर निघून गेल्या.

सुट्टीआधीचं काम संपवून दिवे लागायच्या वेळी मी ऑफिसमधून आलो तेव्हा आवारात गर्दी होती. शेजारच्या चाळीतल्या एक बाई ताट घेऊन आल्या होत्या. नवं नगर, वर आसन, आसनावर बाई, समोर दिवा, आणि दिवस लक्ष्मीपूजनाचा. त्यांनी हळदकुंकू वाहिलं, लाह्याबत्तासे ठेवले आणि हात जोडले. त्यांचं बघून मागच्यांनी जोडले. झेंडूचा हार आला. कोणीतरी नारळ ठेवला. एका आजोबांनी ही कुठली देवी म्हणून विचारलं, तर ताट घेतलेल्या बाई ठामपणे म्हणाल्या, "मेरुकाई." आजोबांनी कानाला हात लावले. कठड्यावरून काकू हे सगळं बघत होत्या आणि पदर तोंडाला लावून हसत होत्या.

काका त्यांच्या वेळेप्रमाणे खाली उतरले. गर्दी बघून थबकले, आणि पुढे काय चाललंय ते बघायचं सोडून आधी सवयीने लोकांच्या चपला लावायला लागले. तेवढ्यात सर बहिणीकडून परतले. दोघं किल्ल्याच्या दोन बाजूंना उभे राहिले. गवळण मधे, गळ्यापर्यंत झेंडूत बुडालेली. तिला आता हलवायची कोणाची छाती नव्हती. रांग पुढे सरकत राहिली, आणि रांग संपली तेव्हा आम्ही तिघेच उरलो.

सर खाली वाकून तिच्याकडे बघत राहिले. मग कोणाला उद्देशून ते न ठरवताच म्हणाले, "हिच्या डोक्यावर अजून घागर आसा रे."

"असणारच," काका म्हणाले. "उतरवून घ्यायला कोणी आलं नाही. सगळे पाया पडायला आले."

इतक्या दिवसांनी ते एकमेकांशी बोलत होते.  काका पुढे बोलले ते गवळणीकडेच बघत.

"ती वर्षं मी माती कालवायला उतरलो नाही, हे खरं आहे. रोज संध्याकाळी वर कठड्याशी उभा राहायचो. वाटायचं, तू खालून हाक मारशील."

सरांनी चष्मा काढला. तो सदऱ्याने पुसत म्हणाले, "मी पण खालसून तुझ्याकडे बघी. पण माका वाटला, साहेबाक हाक कशी मारूची?"

काकांनी त्यांच्याकडे बघितलं, आणि दोघं हसायला लागले. आधी दबून, मग पोट धरधरून. चाळीतले लोक बाहेर आले. मलाही हसू आवरेना, आणि डोळे भरून आले तेही आवरेनात. वरून काकूंनी विचारलं की चहा टाकू का. सर म्हणाले, टाका, आणि गवळणीच्या डोक्यावरच्या घागरीचा भार थोडा हलका करावा तसा त्यांनी हार सैल केला. सोनेरी राजाला त्यांनी स्वतःच खिशात घालून वर नेलं.

मला शेवट मिळाला होता. सुट्टी संपायच्या आत मी तो लिहून काढला. साहसी मंडळींना कळतं की सिंहासन म्हणजे सिंहासन नव्हतंच. शंभर पायऱ्या चढून जो ओझं घेऊन येईल त्याने टेकावं म्हणून मेरुकांनी ते केलं होतं. ते निघून गेले. मागून आलेल्यांनी एवढी सुंदर जागा रिकामी बघितली, आणि त्यांचे हात आपोआप जोडले गेले. वरिष्ठ मुलीने तो वाचला. म्हणजे ते देव नव्हते का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, त्यांना तसं कधी वाटलं नाही, आपल्याला वाटलं. तिने शेवटची ओळ पुन्हा वाचली आणि राहू दे म्हणाली.

तो भाग आला त्या दिवशी फोन तांब्यात घालून तांब्या गॅलरीत ठेवला होता. दोघं शेजारी बसून ऐकत होते. भाग संपल्यावर काका म्हणाले, मी जिंकलो. सर म्हणाले, मी जिंकलो. निकाल काकूंकडे गेला, तर त्यांनी गवळण जिंकली म्हणून सांगितलं आणि कप उचलून नेले.

आता मी परळला राहतो, माझ्या स्वतःच्या घरात. ऑफिसात मला काचेची केबिन मिळाली आहे. नवीन पोरं दार वाजवून आत येतात आणि उभ्यानेच बोलतात. त्यांना बसा म्हणून सांगायचं माझ्या लक्षात राहतं, याचं श्रेय काकांचं. महाराज परत आपल्या जागी आले आहेत, किल्ला पुन्हा किल्ला झाला आहे, आणि पायथ्याशी तळ्याकाठी गवळण असते. हळदकुंकू तिला दरवर्षी मिळतंच.

दिवाळी आठवड्यावर आली की माझा फोन वाजतो. मागे सरांचा आवाज असतो, कपबश्यांचा असतो.

"माती आलीय," काका सांगतात. "मागनं बोलावलं नाही म्हणायचं नाही."

मी केबिनचं दार लावून निघतो. आवारात पोचल्यावर चपला भिंतीला लागून जोडीने काढतो, तोंडं फाटकाकडे, आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरतो.